घोडा का पडला?

घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडले? हे कोडे लहानपणी ऐकले नाही असा मराठी माणूस विरळा. तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच : न फिरविल्यामुळे. आमच्या रावपुऱ्यातल्या घरी रात्रीची जेवणे आटोपली की आजोबा झोपाळ्यावर बसून हे कोडे घालीत. उत्तर आम्हां भावंडांना पाठ होते. तरी दर वेळी नव्याने सुचल्यासारखे आम्ही ओरडून सांगत असू, आणि आजोबाही दर वेळी नवल वाटल्यासारखे दाखवीत. पुढे मी जनावरांचा डॉक्टर झालो, उमेदीची वर्षे शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यांत घालविली, आणि तेथे याच जातीचा आणखी एक प्रश्न मला भेटला : घोडा का पडला? त्याचे उत्तर एका शब्दात येत नाही. आज चाळीस वर्षे होत आली, तरी मला ते पुरते आलेले नाही.

आजोबा बडोदे सरकारच्या पागेत कारकून होते. चंदीचा हिशेब, नालबंदाची बिले, झुली आणि खोगिरे यांची यादी, हे त्यांचे राज्य. त्यांना स्वतःला घोड्यावर बसता येत नव्हते. पण घोड्यांविषयी बोलू लागले म्हणजे ऐकणाऱ्यास एखादा जुना शिलेदारच बोलतो आहे असे वाटावे. झोपाळ्यासमोरच्या भिंतीवर चौकटीत बसविलेली दोन कात्रणे होती. एक ‘सयाजीराव’चे, दुसरे ‘माय बाबू’चे. या दोन घोड्यांची नावे जुन्या बडोदेकरांना सांगावयास नकोत. महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी 1945 साली इंग्लंडात एक वर्षाचे शिंगरू 28,000 गिनींना विकत घेतले. एवढ्या वयाच्या घोड्यास तोवर कोणी एवढी किंमत दिली नव्हती. त्या साली डर्बी जिंकलेल्या दान्तेचा तो सख्खा भाऊ. महाराजांनी त्याला आपल्या आजोबांचे नाव दिले, आणि 1947 साली त्याने आयरिश डर्बी व इंग्लंडची सेंट लेजर या दोन्ही शर्यती जिंकून ते नाव राखले. पुढच्याच वर्षी माय बाबूने न्यूमार्केटची टू थाउजंड गिनीज जिंकली. 1949 साली संस्थान विलीन झाले, पागा मोडल्या, आजोबांचे दप्तर बंद झाले. भिंतीवरची कात्रणे मात्र तशीच राहिली.

आजोबांना ठाऊक नसलेली एक गोष्ट मला पुढे वंशावळीची जाडजूड पुस्तके चाळताना सापडली. अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात फ्लाइंग चाइल्डर्स नावाचा घोडा वेगासाठी गाजला. त्याचा एक सख्खा भाऊ होता. रक्त तेच, बांधा तोच. पण जोराने पळविला की त्याच्या नाकातून रक्त येई, म्हणून तो शर्यतीत कधी उतरलाच नाही. लोक त्याला ‘ब्लीडिंग चाइल्डर्स’ म्हणत. गंमत अशी की, 1764 साली जन्मलेल्या आणि कधीही न हरलेल्या सुप्रसिद्ध एक्लिप्सचा हा पणजोबा. आज जगात पळणाऱ्या बहुतेक थरोब्रेड घोड्यांची पितृपरंपरा एक्लिप्सपाशी जाऊन मिळते, आणि आमच्या सयाजीरावाचीही तेथेच मिळते. माय बाबूची परंपरा वेगळी. ती 1758 साली जन्मलेल्या हेरॉडकडे जाते. आणि हा हेरॉड 1766 साली यॉर्कच्या मैदानावर पळता पळता रक्तवाहिनी फुटून मागे पडला होता. म्हणजे भिंतीवरच्या दोन्ही चौकटींतले घोडे दोन नामांकित रक्तस्रावी पूर्वजांचे थेट वंशज. खुद्द त्या दोघांना ही व्याधी होती असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. वेग आणि रक्त ही दोन्ही या जातीच्या मुळाशीच एकत्र बांधलेली आहेत, एवढेच सांगावयाचे आहे.

शर्यतीच्या जगात या व्याधीची भीती फार आणि तिच्यावरचा विश्वास त्याहून कमी, असा प्रकार नेहमी आढळतो. त्याला कारण हर्मिटची गोष्ट. 1867 च्या डर्बीपूर्वी थोडेच दिवस अगोदर, सरावात पळताना हर्मिटच्या नाकातून रक्ताची धार लागली. त्याचा मालक हेन्री चॅप्लिन. या चॅप्लिनची वाग्दत्त वधू लेडी फ्लॉरेन्स पॅजेट 1864 साली लंडनच्या एका मोठ्या दुकानात एका दाराने शिरली, दुसऱ्या दाराने बाहेर पडली आणि तिने मार्क्विस ऑफ हेस्टिंग्जशी लग्न लावले. हेस्टिंग्जने हर्मिटविरुद्ध मोठमोठ्या पैजा लावून ठेवल्या होत्या. घोडा आता संपला, असे सर्वांनी धरले. त्याचा भाव 66 ला 1 पर्यंत घसरला. डर्बीच्या दिवशी मे महिन्यात बर्फ पडत होते, आणि त्या गारठ्यात हर्मिट मानेच्या अंतराने जिंकला. हेस्टिंग्जचे सुमारे एक लाख वीस हजार पौंड गेले. पुढच्याच वर्षी सव्विसाव्या वर्षी तो वारला. हर्मिट पुढे लागोपाठ सात वर्षे इंग्लंडातला सर्वांत यशस्वी पिता ठरला.

ही गोष्ट मोठी रंगतदार आहे. तबेल्यातले लोक ती आवडीने सांगतात, मीही सांगत असे. तिच्यातून जो तो आपल्या सोयीचा अर्थ काढतो : रक्त आले म्हणून काय झाले, हर्मिट नाही का जिंकला! मी स्वतः हा अर्थ एकदा काढला. त्याचीच हकिकत सांगण्यासाठी आज लेखणी हाती घेतली आहे.

1986 सालचा हिवाळा. मी तेव्हा एका रेसकोर्सवर नोकरीस होतो. कोणत्या, ते सांगण्याचे कारण नाही. माझ्या देखरेखीखालच्या घोड्यांत चार वर्षांची एक तांबडी घोडी होती. तिचा मोतद्दार साताऱ्याकडचा, पन्नाशी उलटलेला, सगळे त्याला मामा म्हणत. घोडीला खरारा करताना तो तिच्याशी घरच्या मुलीशी बोलावे तसा बोले. एका सकाळी सरावाची दौड संपल्यावर मी वही घेऊन निघालो होतो, तो मामा मागून आला आणि त्याने बंडीच्या खिशातून रुमाल काढून माझ्यापुढे धरला. रुमालावर रुपयाएवढे दोन लाल डाग होते.

“मान खाली घातली तवा आलं,” तो म्हणाला. “मी पुसून टाकलं. कुणी बघितलं न्हाई. पन तुमास्नी सांगितल्याबिगर राहावंना.”

शर्यत चार दिवसांवर होती. नाकातून रक्त आले की कळवावयाचे आणि घोडा बाजूला काढावयाचा, हा नियम मला माहीत होता. मी ट्रेनरकडे गेलो. त्याने रुमाल पाहिला नाही, माझ्याकडे पाहिले. दोन थेंब रक्त, कदाचित नाकाला काही लागले असेल, मालकाचे पाहुणे परगावाहून येणार आहेत, घोडी कधी नव्हे ती बहरात आहे, असे तो बोलत राहिला. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो, नोकरी नवी होती. ‘लक्ष ठेवू या’ असे म्हणून मी बाहेर आलो. मामा दारातच उभा होता. त्याची समजूत घालावी म्हणून मी त्याला हर्मिटची गोष्ट सांगितली. बर्फाचे वर्णनही केले. त्याने शांतपणे ऐकून घेतले, रुमालाची घडी केली आणि तो पुन्हा खिशात ठेवला.

घोड्याच्या नाकातून येणारे हे रक्त नाकातले नसते. पूर्वी सर्वांना ते नाकातलेच वाटे. 1970 नंतर लवचिक दुर्बीण नाकपुडीतून श्वासनलिकेत उतरविता येऊ लागली, तेव्हा रक्त खालून, फुप्फुसातून वर येते हे डोळ्यांना दिसले. 1981 साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी या विकाराला श्रमजन्य फुप्फुसीय रक्तस्राव अशा अर्थाचे नाव दिले, आणि तेव्हापासून या विषयाचा चेहराच बदलला. कारण नाकपुडीपर्यंत रक्त येते ते शंभरांतल्या थोड्याच घोड्यांचे. पण दुर्बिणीने पाहिले तर निम्म्याहून अधिक घोड्यांच्या श्वासनलिकेत शर्यतीनंतर रक्त दिसते. मेलबर्नच्या मैदानावर 744 घोडे तपासले, तेव्हा हे प्रमाण 55 टक्के भरले. त्याच घोड्याला पुनःपुन्हा तपासत गेले तर जवळजवळ प्रत्येक घोडा केव्हा ना केव्हा सापडतो. ज्यांना रक्त आले नाही किंवा नाममात्र आले, ते घोडे इतरांच्या चौपट प्रमाणात जिंकतात, असेही त्याच पाहणीत दिसले.

हे का होते, ते समजून घेण्याजोगे आहे. उभ्या घोड्याचे हृदय मिनिटाला तीसचाळीस ठोके देते. भरधाव सुटला म्हणजे ते सव्वादोनशेपर्यंत जाते. प्लीहेत साठवून ठेवलेल्या तांबड्या पेशी तो त्या वेळी रक्तात सोडतो, त्यामुळे रक्त दाटही होते. हे दाट रक्त हृदय मोठ्या जोराने फुप्फुसात लोटते. माणसाच्या फुप्फुसातील रक्ताचा दाब पाऱ्याच्या वीसपंचवीस मिलिमीटरांपर्यंत असतो. पळणाऱ्या घोड्याचा शंभराच्या घरात जातो. शिवाय घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही. जी हवा घ्यावयाची ती नाकपुड्यांतूनच, आणि तीही टापांच्या ठेक्यात, एका झेपेला एक श्वास. म्हणजे आतल्या अंगाने रक्ताचा रेटा आणि बाहेरच्या अंगाने हवेची ओढ, आणि या दोहोंच्या मध्ये एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ पडदा. पडदा जाड असता तर प्राणवायू रक्तात उतरला नसता, आणि घोडा एवढा पळालाच नसता. तो पातळ आहे म्हणूनच फाटतो. ज्या गुणासाठी आपण या जातीची तीनशे वर्षे निवड केली, तोच गुण तिच्या फुप्फुसावर उलटतो. आणि ही खोड काही अंशी आनुवंशिक आहे, असे दक्षिण आफ्रिकेतील घोड्यांच्या नोंदींवरून दिसून आले आहे.

रविवारी घोडी पळाली. शेवटच्या वळणापर्यंत ती तिसरी होती आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात दुसरी आली. लोक उभे राहून ओरडत होते. खांब ओलांडल्यावर जॉकीने लगाम आवरला, ती चालीवर आली आणि कोणी मागून धरावे तशी थबकली. मागचे पाय एकदा डावीकडे गेले, एकदा उजवीकडे. जॉकीने खाली उडी घेतली. मग ती पडली. मी धावत पोचेतो दोनतीन मिनिटे गेली असतील. मामा माझ्या आधी पोचला होता आणि तिचे डोके मांडीवर घेऊन बसला होता. करण्यासारखे काहीही उरले नव्हते. हिरवे पडदे आले, गाडी आली, आणि पुढची शर्यत वेळेवर सुटली.

दुसऱ्या दिवशी शवचिकित्सा झाली. मी हजर होतो. फुप्फुसांचा वरचा मागचा भाग काळपट लाल होता, श्वासनलिकेत तांबूस फेस होता. त्याच भागात जुन्या रक्ताचे तपकिरी डागही होते. म्हणजे रुमालावरचे ते दोन थेंब पहिले नव्हते, आतल्या आत ती पूर्वीही अनेकदा रक्तावली होती. मोठी रक्तवाहिनी कोठेही फुटलेली आढळली नाही. हृदय डोळ्यांना धडधाकट दिसत होते. अहवालात ‘फुप्फुसात रक्तस्राव, हृदयक्रिया बंद’ असे लिहिले गेले.

संध्याकाळी रिकाम्या ठाणापाशी मामा बसला होता. त्याने विचारले, “रक्तानं गेली का, डॉक्टरसाहेब?”

“हृदय बंद पडलं, मामा.”

“हृदय तर समद्यांचंच बंद पडतं,” तो म्हणाला.

या वाक्यावर मला तेव्हा बोलता आले नाही, आणि त्यानंतर मी जे जे वाचले ते एका अर्थी या वाक्याचे उत्तर शोधण्यासाठीच वाचले. दोन वर्षांपूर्वी, 1984 साली, अमेरिकेत स्वेल नावाच्या घोड्याने केंटकी डर्बी आणि बेलमाँट या दोन्ही शर्यती जिंकल्या होत्या. बेलमाँटनंतर आठ दिवसांनी, सकाळच्या सरावानंतर आंघोळ घालीत असताना तो कोसळून मेला. एवढा मोलाचा घोडा, तपासणीत कसर राहिली नसणारच; तरी निश्चित कारण हाती आले नाही. डिसेंबर 2021 मध्ये मेडिना स्पिरिट हा घोडा सांता अनिटाच्या मैदानावर सराव संपवून असाच गेला. त्याच साली केंटकी डर्बीत तो सर्वांच्या पुढे आला होता. औषधाच्या प्रकरणामुळे ते यश पुढे त्याच्याकडून काढून घेण्यात आले. त्याच्या फुप्फुसांना सूज होती, श्वासनलिकेत फेस होता. हृदयाने एकाएकी दगा दिला असावा असे मानण्यास जागा होती. पण निश्चित निदान झाले नाही. हृदयाचा ठोका चुकून मरण आले, तर तो चुकलेला ठोका मागे काही खूण ठेवीत नाही.

निरनिराळ्या देशांतील संशोधकांनी 2011 साली अशा आकस्मिक मृत्यूंची 268 प्रकरणे एकत्र करून प्रसिद्ध केली. त्यांपैकी 53 टक्क्यांत कारण निश्चित सांगता आले, 25 टक्क्यांत ते तर्काने मानावे लागले, आणि 22 टक्क्यांत काहीच सांगता आले नाही. सापडलेल्या कारणांत हृदय होते, फुप्फुस होते, फुप्फुसातील रक्तस्राव होता, कंबरेचे हाड मोडून किंवा रक्तवाहिनी फुटून झालेला अंतर्गत रक्तस्राव होता. खरी अडचण मात्र आणखी निराळी आहे. पळालेल्या जवळजवळ प्रत्येक घोड्याच्या फुप्फुसात थोडेबहुत रक्त असतेच. तेव्हा मेलेल्या घोड्याच्या फुप्फुसात रक्त सापडले, एवढ्यावरून तो रक्ताने मेला असे म्हणता येत नाही. हृदय आधी थांबले की फुप्फुस आधी भरले, हे पुष्कळदा सुरीलाही सांगता येत नाही.

म्हणजे शास्त्र माझ्या बाजूने उभे राहते असे कोणास वाटेल. घोडी रक्तानेच गेली हे सिद्ध होत नाही. तिला वगळले असते तरी ती महिन्याभराने सरावातही पडली असती, असेही म्हणता येईल. मी पुष्कळ दिवस हे स्वतःला म्हणून पाहिले. त्याने समाधान झाले नाही.

उपाय काय, असे वाचक विचारतील. घोड्याला लघवी सुटण्याचे एक औषध आहे, फ्युरोसेमाइड. तबेल्यात ते लॅसिक्स या नावाने ओळखले जाते. ते शर्यतीच्या काही तास आधी टोचले की शरीरातले बरेच पाणी निघून जाते, फुप्फुसातला दाब उतरतो आणि रक्तस्राव पुष्कळ कमी होतो. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिण आफ्रिकेतील प्रयोगाने हे निःसंशय सिद्ध केले. परंतु त्याने घोडा हलकाही होतो आणि काहीसा वेगवानही. औषधाच्या टेकूवर पळणाऱ्या घोड्याची पैदास पुढे चालवावी का, हा प्रश्न मग आपोआपच उभा राहतो. उत्तर अमेरिकेबाहेर बहुतेक ठिकाणी शर्यतीच्या दिवशी हे औषध चालत नाही; अमेरिकेतही दोन वर्षांच्या घोड्यांना आणि मानाच्या शर्यतींत ते बंद करण्यात आले. ऑस्ट्रेलियात दोन्ही नाकपुड्यांतून एकदा रक्त आले तर घोडा तीन महिने बाहेर, दुसऱ्यांदा आले तर कायमचा. नियम कडक आहे, पण त्याचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे : रक्त पाहिलेल्या माणसाने ते सांगितले पाहिजे. आणि रक्त सर्वांआधी पाहतो तो मोतद्दार, ज्याच्या शब्दाला त्या साऱ्या कारभारात सर्वांत कमी वजन असते.

मामाने आपले काम केले होते. घोडी मैदानाबाहेर राहिली तर आपल्याला बोल लागेल हे ठाऊक असूनही त्याने रुमाल माझ्यापुढे धरला. तो पुढे नेण्याचे काम माझे होते. त्यानंतर मी जेथे जेथे नोकरी केली तेथे दौड संपलेल्या प्रत्येक घोड्याच्या श्वासनलिकेत दुर्बीण उतरविण्याचा आग्रह धरला, जे दिसले ते लिहून दिले, आणि त्यापायी एक नोकरी गमावलीही. हे मोठेपणासाठी सांगत नाही. ते फार पूर्वीच करावयास हवे होते. मामा त्याच उन्हाळ्यात गावी निघून गेला. रुमाल त्याने धुतला की तसाच नेला, ते विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

आता मी निवृत्त होऊन रावपुऱ्यातल्या त्याच घरी राहतो. झोपाळा आहे, दोन्ही चौकटी आहेत. संध्याकाळी नातवंडे जमतात, आणि आजोबांचे कोडे आता मी घालतो. घोडा का अडला? मुले ओरडून उत्तर देतात. माझा प्रश्न मात्र मी त्यांना अजून घातलेला नाही. घोडी का पडली, हे मला सांगता यावयाचे नाही. ती त्या दिवशी पळविली का गेली, एवढे सांगता येईल, आणि ते उत्तर कोड्याच्या उत्तराइतकेच लहान आहे : न बोलल्यामुळे.